सांध्याचें दायित्व

जगांतील वस्तु बहुधा मध्यभागीं मोडत नाहींत; त्या सांध्यावर मोडतात. बैलगाडीचें चाक सुतार करतो आणि त्यावर लोखंडाची धांव लोहार चढवितो. दोघेहि आपापल्या कामांत वाकबगार असतात. परंतु ऐन वैशाखांत भर रस्त्यावर धांव निसटली, म्हणजे लोहार म्हणतो कीं लाकूड ओलें होतें, आणि सुतार म्हणतो कीं धांव सैल बसविली. गाडीवान मात्र उन्हांत उभा असतो. हा प्रसंग क्षुल्लक वाटला तरी नीतिशास्त्रांतील एक मोठा प्रश्न त्यांत दडलेला आहे. दोन स्वतंत्र कर्त्यांनीं केलेल्या दोन वस्तु जेथें एकमेकींस मिळतात, त्या जागेचें दायित्व कोणाचें? आणि त्यांपैकीं एकानें आपली वस्तु विकलेली व दुसऱ्यानें ती जगास फुकट दिलेली असेल, तर या दायित्वाची वांटणी कोणत्या न्यायानें करावी?

हा प्रश्न आज एका नव्या वेषानें आपल्या दारीं आला आहे. कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे, म्हणजे १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे, दोन तालुके घ्या. जिल्ह्यास समुद्र असला तरी या दोघांच्या वांट्यास तो आलेला नाहीं. त्यांना आहेत घाट, नद्या, भाताचीं खाचरें आणि आगगाडी. येथील शेतकऱ्याचा सातबारा, पतपेढींतील ठेव, महाविद्यालयांतील गुण, दवाखान्यांतील रुग्णाची हकीकत, हें सारें आतां चोपड्यांत नसून संगणकाच्या दप्तरांत असतें. या दप्तरास डेटाबेस म्हणतात. दप्तर एकानें रचलेलें असतें. त्यांतून हवी ती नोंद काढणारी व नवी नोंद चढविणारी आज्ञावली दुसऱ्यानें, आणि तीहि तिसऱ्याच कोणीं निर्माण केलेल्या भाषेंत, लिहिलेली असते. भाषेस दप्तराची बोली कळत नाहीं आणि दप्तरास भाषेची कळत नाहीं. म्हणून दोहोंच्या मध्यें एक दुभाषा ठेवावा लागतो. संगणकाच्या व्यवहारांत या दुभाष्यास ड्रायव्हर असें नांव आहे. तो दिसत नाहीं, त्याचें कोणी कौतुक करीत नाहीं. परंतु तो मुका झाला कीं दप्तरांतील सर्व नोंदी शाबूत असूनहि ठेवीदारास आपली ठेव दिसेनाशी होते.

कर्जतच्या वाचकांस ही गोष्ट घरच्याच दृष्टांतानें पटेल. १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली. या घाटाचा चढ कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतका उभा आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जत स्थानकावर मागून रेटणारीं इंजिनें जोडावीं लागतात, आणि घाट चढल्यावर तीं सोडून घेतात. तेवढ्या वेळांत प्रवासी फलाटावर उतरून बटाटेवडा खातात. गाडीच्या शेपटाशीं काय चाललें आहे याची विचारपूस कोणी करीत नाहीं. ही बेफिकिरी योग्यच आहे, कारण गाडी, रूळ आणि इंजिन या तिहींचा धनी एकच आहे. सांधा चुकला तर जाब कोणास विचारावा याविषयीं संशय नाहीं. परंतु गाडी एकाची, घाट दुसऱ्याचा, आणि मागचें इंजिन तिसऱ्या कोणीं हौसेखातर आणून लावलेलें, अशी स्थिति असती तर वडा इतक्या निश्चिंतपणें घशाखालीं उतरला असता काय? संगणकाच्या दुभाष्याची स्थिति नेमकी अशी आहे.

कांहीं भाषांचा मूळ पाठ कुलुपांत ठेवलेला नसतो. तो कोणीहि वाचावा, बदलावा, आपल्या कामास लावावा आणि दुसऱ्यास द्यावा, अशी मोकळीक असते. यांस मुक्तस्रोत भाषा म्हणतात. रास्मुस लर्डॉर्फ यानें १९९५ मध्यें लोकांच्या हातीं दिलेली पीएचपी ही त्यांपैकींच एक. पायथन ही दुसरी. अशा भाषेस मालक नसतो, पालक असतात. उलट दप्तरें रचणाऱ्या मोठ्या कंपन्या आपला माल विकतात व त्यावर जगतात. आतां भाषा आणि दप्तर यांमधील दुभाषा दोन मार्गांनीं येऊं शकतो. एक, भाषेच्या उपासकांपैकीं कोणी तो स्वेच्छेनें लिहावा. दुसरा, दप्तर विकणाऱ्या कंपनीनें आपल्या पगारी माणसांकडून तो लिहवून घ्यावा व त्याच्या पाठीशीं आपण उभे आहों असें जाहीर करावें. पहिल्यास प्रेमाचा दुभाषा म्हणूं, दुसऱ्यास मिठाचा. व्यवहारी माणसाचा कौल अर्थातच दुसऱ्याच्या बाजूनें पडतो. प्रेम आटतें, पगार महिन्याचे महिन्यास मिळतो. तेव्हां मिठाचा दुभाषा अधिक विश्वासाचा, असें तो मानतो. हें मत कितपत टिकतें हें ठरविण्यापूर्वीं घडलेल्या गोष्टींकडे पाहूं.

मायएसक्यूएल या स्वीडनमधील कंपनीचें दप्तर आणि पीएचपी ही भाषा यांची जोडी इतकी जमली होती कीं, एकाचें नांव काढतांच दुसऱ्याचें आपोआप तोंडीं यावें. दप्तराशीं बोलण्यास लागणारा ग्रंथ कंपनीचाच होता. परंतु तो अशा सैल परवान्याखालीं दिलेला होता कीं तो कोणासहि आपल्या कामांत जोडून घेतां येई. पुढें कंपनीनें या ग्रंथाचा परवाना बदलला. नव्या परवान्याची अट अशी कीं, जो कोणी हा ग्रंथ आपल्या कृतींत जोडून वांटील त्यानें आपली कृतीहि त्याच अटींवर वांटली पाहिजे. पीएचपीचा स्वतःचा परवाना निराळा असल्यामुळें दोघांचें एका घरांत राहणें अवघड झालें, आणि २००४ मध्यें पीएचपीची पांचवी आवृत्ति निघाली ती हा ग्रंथ वगळूनच. कंपनीची बाजू अगदींच पोकळ नव्हती. ती आपलें दप्तरहि खुलें देत होती, आणि ज्यांस स्वतःची कृति खुली करावयाची नव्हती त्यांच्याकडून मोल घेऊन आपला चरितार्थ चालवीत होती. पण सांधा तुटूं लागला तेव्हां झळ लागली ती या वादांत कोणत्याच पक्षाकडे नसलेल्या माणसांस. अखेर त्याच वर्षीं कंपनीनें खुल्या कृतींसाठीं एक अपवाद जाहीर केला व तूर्त तंटा मिटला.

या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक आहे. कंपनीच्याच पगारी माणसांनीं नंतर एक नवा दुभाषा लिहिला. परंतु तो कंपनीच्या घरांत न ठेवतां पीएचपीच्या घरांत, पीएचपीच्याच परवान्याखालीं ठेवला. २००९ मध्यें ५.३ या आवृत्तीबरोबर तो आला आणि २०१२ च्या ५.४ पासून तोच रूढ झाला. याच काळांत मूळ कंपनीचा धनी दोनदां बदलला. २००८ मध्यें ती सन कंपनीनें सुमारें १०० कोटि डॉलरांस घेतली, आणि जानेवारी २०१० मध्यें सन ही स्वतःच ओरॅकलच्या उदरांत गेली. दप्तराच्या मूळ कर्त्यांपैकीं एकानें याच सुमारास वेगळें होऊन मारियाडीबी नांवाचें नवें दप्तर उभें केलें. एवढी उलथापालथ झाली तरी दुभाषा जागचा हालला नाहीं. इतकेंच नव्हे, तर तो जुन्या दप्तराप्रमाणें त्याच्या भाऊबंदाशींहि बोलूं शकला. पगार कंपनीचा होता हें खरें. पण त्याच्या टिकाऊपणाचें कारण पगार नव्हे, तो कोठें व कोणत्या अटींवर ठेवला गेला हें होय.

दुसरें उदाहरण मायक्रोसॉफ्टचें. तिच्या दप्तराशीं बोलणारा पीएचपीचा एक जुना दुभाषा होता, तो प्रेमाचा. २००८ मध्यें कंपनीनें स्वतःचा दुभाषा दिला व त्याची जबाबदारी पत्करली. ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. ज्याचें दप्तर त्याच्याइतकी त्याची बोली कोणास कळणार? जुना दुभाषा हळूहळू मागें पडला आणि २०१५ च्या अखेरीस सातव्या आवृत्तींतून तो गळाला. परंतु कंपनीचा दुभाषा प्रारंभीं केवळ कंपनीच्याच विंडोज या राज्यांत चालत असे. ज्यांचीं यंत्रें लिनक्सवर चालत होतीं, त्यांना त्या काळांत फ्रीटीडीएस या स्वयंसेवकांच्या ग्रंथाचाच आश्रय होता. पुढें कंपनीचें हित लिनक्सकडे वळलें तेव्हां तिचा दुभाषाहि तिकडे गेला, आणि आज त्याचा मूळ पाठहि खुला आहे. विक्रेत्याचा आधार खोटा असतो असें यावरून सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, त्याच्या आधाराची सीमा त्याच्या हिताच्या सीमेशीं जुळलेली असते, आणि त्या सीमेबाहेर जो राहतो त्याचा भार प्रेमाच्या माणसांवर पडतो.

तिसरें उदाहरण पायथनचें. ओरॅकलच्या दप्तरासाठीं पायथनचा दुभाषा अँथनी ट्युइनिंगा यांनीं प्रथम कॅनडांतील एका लहान कंपनींत काम करीत असतां लिहिला. तो जगभर वापरांत आला. कालांतरानें ओरॅकलनें ग्रंथकारालाच नोकरींत घेतलें, आणि २०२२ मध्यें तोच दुभाषा नवें नांव घेऊन असा सुधारून निघाला कीं कंपनीचे इतर अवजड ग्रंथ यंत्रांत बसविल्यावांचूनहि तो दप्तराशीं बोलूं लागला. येथें प्रेम आणि मीठ यांचा विवाह झाला व तो सुखाचा ठरला. याच्या शेजारीं हेंहि ठेवावें कीं, २०२४ च्या नोव्हेंबरांत पीएचपीची ८.४ ही आवृत्ति निघाली तेव्हां ओरॅकलशीं बोलणारे तिचे दोन दुभाषे मूळ घरांतून काढून बाहेरच्या पडवींत ठेवले गेले. ते नाहींसे झाले नाहींत. पण घरांत असणें आणि पडवींत असणें यांत फरक आहे, हें आपल्या कुटुंबांतील वृद्धांस समजावून सांगण्याची जरुरी नाहीं.

आतां प्रश्नाचा नैतिक भाग. त्यासंबंधीं तीन पक्ष संभवतात. पहिला पक्ष म्हणतो कीं, फुकट देणाऱ्यावर कोणतेंच दायित्व नाहीं. दान मिळालेल्या गाईचे दांत मोजूं नयेत. दुसरा म्हणतो कीं, सांध्यापासून ज्यास लाभ होतो त्यानें सांधा राखावा. आपल्या दप्तराशीं बोलणाऱ्या भाषा जितक्या अधिक तितकीं गिऱ्हाइकें अधिक, म्हणून हें काम विक्रेत्याचें. तिसरा म्हणतो कीं, ज्यानें दोन भिन्न धन्यांच्या वस्तु आपल्या इच्छेनें एकत्र आणल्या त्यानेंच त्यांचा जोखीम पत्करावा. कर्जतच्या पतपेढीस अमुक भाषा आणि अमुक दप्तर घ्या असें कोणीं सांगितलें होतें? या तिन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. परंतु एकहि पुरा नाहीं.

पहिल्या पक्षाची कसोटी खालापूर व कर्जत यांच्या पाण्यावर घेतां येईल. टाटांचें खोपोली येथील वीजघर १९१५ मध्यें आणि कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें १९२२ मध्यें सुरू झालें. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं येतें, चक्रें फिरवितें, आणि त्याचें काम संपलें कीं खोपोलीस पाताळगंगेंत व भिवपुरीस पेज नदींत सोडलें जातें. हें धरण बांधणाऱ्याचा हेतु वीज हा होता. पाणी हा शेष. परंतु त्या शेषावर पाताळगंगेच्या कांठीं कारखाने उभे राहिले, आणि राजनाल्याच्या कालव्यावर कर्जत तालुक्यांतील गांवें उन्हाळी भात काढूं लागलीं. कायद्याचा भाग बाजूस ठेवून केवळ नीतीच्या दृष्टीनें पाहिलें तर, ज्या पाण्यावर दोन पिढ्यांनीं आपलें पीक टाकलें तें पाणी “आमचा हेतु निराळा होता” एवढें बोलून एका सकाळीं बंद करतां येईल काय? येणार नाहीं, असेंच कोणीहि सहृदय मनुष्य म्हणेल. म्हणजे दुसऱ्याचें अवलंबन हें, तें आपण मागितलेलें नसलें तरी, आपल्यावर कांहीं ऋण निर्माण करतें. त्या ऋणानें दात्यास जन्मभर राबावें लागत नाहीं. पण हात काढून घेण्यापूर्वीं हांक देणें, वेळ देणें, आणि आपलें ज्ञान दुसऱ्याच्या हवालीं करणें, इतकें तरी त्यास लागतेंच.

दुसऱ्या पक्षास आमचा आक्षेप असा कीं, लाभ हा दायित्वाचा पाया मानला तर लाभ संपतांच दायित्वहि संपतें. उद्यां एखाद्या भाषेचे वापरणारे कमी झाले कीं विक्रेता म्हणेल, आतां मला यांत कांहीं मिळत नाहीं. विक्रेत्याचें दायित्व याहून खोल ठिकाणीं आहे. तें त्याच्या शब्दांत आहे. “मी या दुभाष्याच्या पाठीशीं आहें” असें तो जेव्हां जाहीर करतो, तेव्हां तो लोकांस विसंबण्याचें आमंत्रण देतो. त्या आमंत्रणामुळें पतपेढीचा चालक दुसरा पर्याय शोधीत नाहीं, स्वयंसेवक आपला जुना दुभाषा सांभाळण्याचें सोडून देतो, आणि विद्यार्थी तीच एक वाट शिकतो. आधाराचें वचन केवळ आधार देत नाहीं, तें इतर आधार सुकवितेंहि. मोठ्या वडाखालीं लहान झाडें वाढत नाहींत, तसेंच हें. म्हणून ज्यानें वचन दिलें त्याचें ऋण वचन न देणाऱ्याहून अधिक असतें. कारण त्यानें केवळ काम पत्करलेलें नसतें, इतरांस त्या कामांतून निवृत्त केलेलें असतें.

असें असतां मोठमोठ्या विक्रेत्यांच्या करारांत व मुक्तस्रोताच्या परवान्यांत एक वाक्य जवळजवळ सारखेंच आढळतें: वस्तु जशी आहे तशी दिलेली आहे, तिच्यापासून होणाऱ्या हानीस आम्ही जबाबदार नाहीं. दात्याच्या तोंडीं हें वाक्य शोभतें. तो मोबदला घेत नाहीं व आश्वासनहि देत नाहीं. विक्रेत्याच्या तोंडीं मात्र, एका हातानें आधार देऊन दुसऱ्या हातानें तो परत घेण्यासारखें तें आहे. न्यायालयांत तें टिकत असेल. सज्जनांच्या सभेंत टिकणार नाहीं.

मग चांगल्या आधाराची खूण कोणती? याचें उत्तर आम्हांस कर्जतच्या भातांत सांपडतें. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठाचें एक प्रादेशिक संशोधन केंद्र कर्जत येथें आहे. तेथें निघालेले कर्जत-३, कर्जत-७ यांसारखे सुधारलेले वाण शेतकऱ्याच्या खळ्यांतून पुन्हां बियाणें म्हणून उभे राहतात. एकदां घेतलें कीं निगा राखून तो तें कांहीं वर्षें स्वतः चालवूं शकतो, शेजाऱ्यास पसाभर देऊं शकतो. याच केंद्रानें १९९८ मध्यें सह्याद्रि हा संकरित वाणहि दिला. त्याचें पीक भरघोस. पण संकराच्या स्वभावानुसार त्याचें दाणे पुढच्या वर्षीं पेरले तर गुण फुटून जातो, म्हणून बियाण्यासाठीं दरवर्षीं देणाऱ्याच्या दारीं जावें लागतें. दोन्ही वाण चांगल्याच बुद्धीनें एकाच अंगणांत निपजलेले आहेत. आम्ही एकास साधु व दुसऱ्यास लबाड म्हणत नाहीं. परंतु दोघांनीं शेतकऱ्याशीं जोडलेलें नातें भिन्न आहे. पहिल्यांत देणारा उद्यां नाहींसा झाला तरी घेणारा उभा राहतो. दुसऱ्यांत देणाऱ्यावांचून घेणाऱ्याचा हंगाम बुडतो.

यावरून आम्हीं काढलेलें अनुमान असें: आधार देणाऱ्याची सचोटी तो किती घट्ट धरतो यावरून न ठरवितां, त्यानें हात सोडल्यावर आपण उभे राहूं शकूं अशी काय सोय त्यानें करून ठेवली आहे यावरून ठरवावी. ज्या दुभाष्याचा मूळ पाठ खुला आहे, ज्याची बोली लिहून प्रसिद्ध केलेली आहे, ज्याच्या जागीं दुसरा दुभाषा बसवितां येईल असा सर्वमान्य नियम ठरलेला आहे, तो दुभाषा मिठाचा असला तरी स्वीकारावा. पायथनच्या लोकांनीं सर्व दुभाष्यांनीं पाळावयाचा एक सामाईक आचार कधींच ठरवून ठेवला आहे. त्यामुळें दप्तर बदललें तरी आज्ञावलींतील फार थोडें बदलावें लागतें. हा आचार म्हणजे वापरणाऱ्याच्या हातांतील परतीचें तिकीट होय. ज्याच्या वचनांत परतीचें तिकीट नाहीं, त्याचें वचन कितीहि गोड असलें तरी तें दावें आहे.

आमच्या या मतावर एक आक्षेप येईल, आणि तो सबळ आहे. कोणी म्हणेल, “मूळ पाठ खुला असून कर्जतच्या पतपेढीस त्याचा काय उपयोग? तिच्या चिटणिसास तो वाचतां येत नाहीं. ज्या विधवेनें आपली पुंजी तेथें ठेवली तिला स्वातंत्र्य नको, सोमवारीं पैसे हवेत. तिच्या दृष्टीनें चोख विक्रेता हाच धर्मात्मा.” हें खरें आहे. वाचतां न येणाऱ्याच्या हातीं दिलेला खुला ग्रंथ हा बंद ग्रंथच होय. परंतु यावरून खुलेपणा व्यर्थ ठरत नाहीं. ठरतें तें असें कीं, खुलेपणा ही एकट्यादुकट्याची संपत्ति नसून गांवाची आहे. गांवांतील विहीर प्रत्येकास उपसतां येत नाहीं. पण उपसूं शकणारीं चार माणसें गांवांत असलीं म्हणजे ती सर्वांची असते. पतपेढीच्या चिटणिसास दुभाषा दुरुस्त करतां आला पाहिजे असें आम्ही म्हणत नाहीं. कर्जत-खालापुरांत तो दुरुस्त करूं शकणारीं माणसें असलीं पाहिजेत, असें मात्र म्हणतों.

येथें तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे घेणाऱ्याच्या दायित्वाचा, विचार प्राप्त होतो. आपल्या पूर्वजांनीं देखभालीचा प्रश्न दोन रीतींनीं सोडविला होता. एक बलुत्याची. सुतार-लोहारांस शेतकरी वर्षाकांठीं धान्य देई व त्याबदल्यांत ते वर्षभर नांगर-गाडा चालता ठेवीत. मोडेल तेव्हां मोल ठरवावें असें नाहीं. न मोडावें म्हणून आधींच वाटा द्यावयाचा. आजचे विक्रेते ज्यास वार्षिक आधार म्हणतात त्याची ही आजी. तिच्यांत सातत्याचा गुण होता. पण बलुतेदार जातीनें बांधलेला, त्यास काम सोडण्याची मोकळीक नव्हती, आणि शेतकऱ्यासहि दुसरा कारागीर निवडण्याची नव्हती. सातत्य होतें, स्वातंत्र्य नव्हतें. म्हणून ती मोडली याचें आम्हांस दुःख नाहीं. दुसरी रीत धर्मकृत्याची. खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधलेला तलाव आणि महादेवाचें देऊळ आजहि आहे. नानांस जाऊन दोन शतकें लोटलीं. ते कांहीं गाळ काढावयास येत नाहींत. तलाव दात्याच्या पुण्याईनें बांधला जातो, पण राहतो तो मागाहून येणाऱ्यांच्या श्रमानें. आपल्या शास्त्रकारांनीं जीर्णोद्धारास पुण्यकर्मांत बसविलें तें याच कारणासाठीं.

संगणकाच्या जगांत गाळ फार लवकर सांचतो. पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीस आतां २ वर्षें पूर्ण डागडुजी व पुढें २ वर्षें केवळ सुरक्षिततेपुरती डागडुजी मिळते. मग ती आवृत्ति जुनी म्हणून सोडली जाते. दप्तरांच्याहि नव्या आवृत्त्या निघतात. सेतूचे दोन्ही कांठ असे सतत हालत असतां मधला सेतु एकदां बांधून भागत नाहीं. तो रोज बांधावा लागतो. हें रोजचें काम आजवर अगदीं थोड्या लोकांच्या खांद्यावर चाललें आहे. २०२१ मध्यें पीएचपीसाठीं एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झालें. तें वर्गणी गोळा करून भाषा सांभाळणाऱ्यांस वेतन देतें. यांत आम्हांस बलुत्याचें सातत्य व धर्मकृत्याचें स्वातंत्र्य या दोहोंचा मेळ दिसतो: देणारा स्वेच्छेनें देतो, राबणारा स्वेच्छेनें राबतो, आणि तरी राबणाऱ्याची चूल पेटते.

आमच्या मध्यम वर्गास या बाबतींत दोन खोडी आहेत, त्यांचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. जें फुकट मिळालें त्यास आपण बेवारशी समजतों. आणि जें विकत घेतलें त्यासंबंधीं आपलें कर्तव्य पैसे मोजतांच संपलें असें समजतों. पहिल्या खोडीनें दाता एकटा पडतो, दुसरीनें विक्रेता उन्मत्त होतो. आमच्या महाविद्यालयांतील मुलेंहि याच वळणावर वाढतात. तीं दुभाषा वापरावयास शिकतात. त्याच्या पोटांत काय आहे हें पाहावयास शिकत नाहींत, कारण परीक्षेंत तें विचारलें जात नाहीं. घाटाखालून रोज पहांटेच्या लोकलनें ठाण्या-मुंबईस जाणाऱ्या तरुणांत कितीतरी जण दुसऱ्यांच्या दप्तरांची देखभाल करून पोट भरतात. त्यांच्याच गांवच्या पतपेढीचें दप्तर मात्र कोणाच्या आधारावर उभें आहे हें तिच्या पंचांस ठाऊक नसतें. ही स्थिति पालटण्यास फार द्रव्य लागत नाहीं. प्रत्येक संस्थेनें आपल्या वार्षिक सभेंत हिशेबाबरोबर तीन प्रश्न विचारावे: आपल्या दप्तराचा दुभाषा कोणाचा? त्याचा आधार कोणत्या तारखेपर्यंत? आणि तो संपल्यावर आपण काय करणार? ज्या सभेंत या प्रश्नांस उत्तर नाहीं, तिचा ताळेबंद कितीहि चोख जुळला तरी तो अपुरा समजावा.

सारांश, सांध्याचें दायित्व एकाचें नाहीं, तिघांचें आहे. पण तिघांचें सारखें नाहीं. दात्यानें हात काढण्यापूर्वीं हांक द्यावी व आपलें ज्ञान मागें ठेवावें. विक्रेत्यानें दिलेल्या शब्दाची मुदत व मर्यादा स्पष्ट सांगावी, आणि ती संपेल त्या दिवशीं घेणारा पांगळा राहणार नाहीं अशी तजवीज आधींच करावी. घेणाऱ्यानें फुकट मिळालेल्या वस्तूचा गाळ काढण्यास आपला वाटा उचलावा, आणि विकत घेतलेल्या वस्तूकडेहि डोळे उघडे ठेवून पाहावें. यांपैकीं पहिल्या दोघांस भाग पाडण्याचें सामर्थ्य आमच्या हातीं थोडें आहे. तिसरा मात्र आपणच आहों. तेव्हां आरंभ कोठून करावयाचा याविषयीं वाद घालण्याचें कारण नाहीं.